पिशवी आणि तिचे बंद

निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे मी फळ्यासमोर उभी राहत असे ती एका पायाची दुसऱ्या पायाला किंचित आढी घालून. विद्यार्थ्यांना ती माझी लकब वाटत असावी. खरे कारण असे होते की दुपार कलली की खाली काहीतरी ओघळत आहे असे वाटू लागे आणि मांड्या एकमेकींना टेकवून धरल्या तर ते आतच राहील अशी माझी समजूत होती. संध्याकाळी खुर्चीत बसताना आपण लहानशा चेंडूवर बसत आहोत असा भास होई. रात्री आडवे झाले की सारे नाहीसे होई आणि सकाळी उठल्यावर आपण उगाच घाबरलो असे वाटे. बायकांच्या बोलण्यात याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. आईच्या तोंडून हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, तोही दार लोटून घेतल्यावर हलक्या आवाजात, आणि त्यामुळेच बहुधा तो स्वतःविषयी उच्चारायला मला एवढा काळ लागला.

शेवटी डॉक्टरांकडे जाणे भाग पडले ते लघवीच्या त्रासामुळे. लघवीला बसले की धार सुरूच होईना; बोटाने तो फुगवटा आत सारला की मगच मूत्राशय रिकामे होई. ज्या डॉक्टरांकडे मी प्रथम गेले त्यांनी तपासणीला फार तर दोन मिनिटे दिली आणि हात धुता धुता सांगितले, “मुले मोठी झाली, पाळी बंद झाली, आता त्या पिशवीचा उपयोग काय? काढून टाकू, सगळे संपेल.” मला ते पटले. घरी येऊन मी तारीखही ठरवत होते, पण माझ्या थोरल्या जाऊबाईंनी फोनवर जे विचारले त्याने मी थांबले. याच त्रासासाठी त्यांची पिशवी अकरा वर्षांपूर्वी काढली होती आणि आता पुन्हा खाली काहीतरी येत होते. “अगं, माझी पिशवीच राहिली नाही, मग हे येतंय ते काय?” असा त्यांचा साधा प्रश्न होता. चाळीस वर्षे गणित शिकवणाऱ्या बाईला तो आधी सुचायला हवा होता.

दुसऱ्या डॉक्टरांनी या प्रश्नाचे उत्तर दिले ते माझ्याच कापडी पिशवीच्या साहाय्याने. कागदपत्रांसाठी नेलेली ती पिशवी त्यांनी मागून घेतली, दारामागच्या खुंटीला अडकवली आणि तिचे दोन्ही बंद हळूहळू सैल करत तिला जमिनीपर्यंत आणली. “बाई, ही खाली आली त्यात पिशवीचा काही दोष आहे का? बंद सैल झाले म्हणून ती आली. आता मी कात्री घेऊन पिशवी कापून टाकली तर बंद घट्ट होतील का?” त्यानंतर त्यांनी आपल्या पांढऱ्या कोटाच्या बाहीत हात घालून तिचे आतले टोक बाहेर ओढून दाखवले. गर्भाशयाखाली योनिमार्ग असतो तो असा बाहीसारखा. पिशवी काढल्यावर त्याचे वरचे टोक शिवून बंद करतात, आणि ते टोक कशालाच बांधलेले नसेल तर पुढे कधीतरी बाही उलटी होऊन बाहेर येऊ शकते. माझ्या जाऊबाईंचे नेमके तेच झाले होते. गर्भाशय काढणे हा या शस्त्रक्रियेतला एक टप्पा असू शकतो, पण इलाज तो नव्हे; इलाज म्हणजे आधार पुन्हा उभा करणे. एवढे एक वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर पुढचे निम्मे प्रश्न पडलेच नसते.

या आधाराचे तीन मजले आहेत. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन डीलॅन्सी यांनी १९९२ साली ही मांडणी केली आणि आजही शस्त्रक्रियेचा विचार तिच्यावरच होतो. सर्वांत वर गर्भाशयमुखापासून मागे त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडापर्यंत, जाणारे बंध असतात, म्हणजे माझ्या कापडी पिशवीचे बंद. मधल्या भागात योनिमार्गाच्या दोन्ही कडा ओटीपोटाच्या भिंतींना आडव्या ताणून जोडलेल्या असतात. तळाशी योनी आणि गुदद्वार यांच्यामधला स्नायूंचा घट्ट गोळा असतो. या सगळ्याच्या खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जमिनीसारखे पसरलेले असतात आणि खरा भार तेच पेलतात. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात, हे स्नायू कधी कधी पुढच्या हाडापासून सुटतात. जमीन खचली की सगळा भार बंधांवर येतो आणि ते वर्षानुवर्षे ताणले जातात. पाळी गेल्यानंतर संप्रेरके कमी होतात, जुना खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेले वजन किंवा जड ओझी यांची त्यात भर पडते आणि काही जणींच्या ऊती मुळातच सैल असतात. मी काय चुकले, हा प्रश्न मी डॉक्टरांना तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा त्यांनी तो उडवून लावला.

पुढची भिंत ढिली झाली तर मूत्राशय खाली उतरते, मागची झाली तर गुदाशय, आणि वरचा आधार गेला तर गर्भाशय किंवा ते काढलेले असल्यास शिवलेले टोक. बहुतेक जणींमध्ये यांतले एकाहून अधिक दोष असतात, म्हणून नुसते बघून भागत नाही, मोजावे लागते. १९९६ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या या मोजणीला ‘पॉप-क्यू’ म्हणतात आणि तिच्या मी प्रेमातच पडले. सेंटिमीटरच्या खुणा असलेली काडी घेऊन डॉक्टर मोजतात आणि तीन ओळी, तीन रकाने अशा चौकोनाची नऊ घरे भरतात. योनिद्वाराशी असलेल्या पडद्याची कडा म्हणजे शून्य. त्याच्या आत उणे, बाहेर अधिक. म्हणजे शरीरात आखलेली संख्यारेषाच! एकूण लांबी सोडली तर मूल्ये मात्र खोकून, जोर लावून, अंग जास्तीत जास्त खाली आले असताना घ्यायची असतात. माझ्या कागदावर पुढच्या भिंतीचे टोक अधिक चार, गर्भाशयमुख अधिक दोन, मागची भिंत उणे एक आणि योनिमार्गाची एकूण लांबी नऊ असे आकडे होते. एकूण टप्पे शून्य ते चार, मी तिसऱ्यात. उणे आकडा आला म्हणून हायसे वाटावे असा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला.

मात्र डॉक्टरांनी लगेच बजावले की आकडा मोठा आहे म्हणून शस्त्रक्रिया करायची नसते. त्रास होत नसेल आणि लघवी नीट होत असेल तर अंग उतरलेले दिसत असूनही काहीही न करता नियमित तपासत राहणे हा रास्त मार्ग आहे. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम सौम्य अवस्थेत त्रास कमी करतात, पण सुटलेले बंद ते परत बांधू शकत नाहीत. तिसरा मार्ग पेसरीचा. सिलिकॉनची एक कडी आत बसवतात, ती भिंतींना आतून तोलून धरते आणि ठरावीक महिन्यांनी काढून, धुऊन पुन्हा बसवायची असते. मी आठ महिने ती वापरली आणि पहिले पाच महिने खरोखर सुखाचे गेले. नंतर कडीने एका जागी चट्टा पडला, रक्ताचे डाग दिसू लागले आणि ती काढून ठेवावी लागली. त्या जखमेवर इस्ट्रोजेनचे मलम लावण्यात आणखी काही आठवडे गेले, कारण चिघळलेल्या त्वचेवर टाके घालण्यात अर्थ नसतो. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार दोन वर्षांनंतर बरे वाटत असल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया पेसरीच्या गटात सुमारे ७६ टक्के तर शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ८२ टक्के होत्या, परंतु पेसरीच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणींनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करवून घेतली होती. मी त्यांच्यातलीच एक झाले. या वाटेवर आपण एकट्या नाही हेही कळायला हवे: २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत साधारण दर आठ स्त्रियांमागे एकीला अंग उतरल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागते.

शस्त्रक्रिया ठरल्यावर पहिला निर्णय मार्गाचा असतो, खालून की पोटातून. खालून म्हणजे योनिमार्गातूनच. पोटावर जखम नाही, मणक्यातली भूल पुरते आणि वय झालेल्या शरीरालाही ते झेपते. वरचा आधार देण्यासाठी यात प्रामुख्याने दोन पद्धती आहेत. एकीत शिवलेले टोक गर्भाशयाच्या मूळच्याच मागच्या बंधांना, ते वर जिथे शाबूत असतात तिथे, बांधतात. हे बंध मूत्रवाहिनीच्या, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीच्या, अगदी शेजारून जातात, त्यामुळे ती टाक्यात ओढली जाण्याचा धोका असतो. दुसरीत ते टोक ओटीपोटाच्या आत बैठकीच्या हाडावरच्या टोकदार उंचवट्यापासून त्रिकास्थीकडे जाणाऱ्या एका पक्क्या पट्ट्याला, बहुधा उजव्या बाजूच्या, टाक्यांनी बांधतात. येथे उंचवट्याला चिकटून एक महत्त्वाची नस आणि रक्तवाहिन्या असल्यामुळे टाका त्यापासून सुमारे दोन सेंटिमीटर आतल्या बाजूला घ्यावा लागतो. शिवाय योनिमार्ग थोडा मागे वळतो आणि पुढची भिंत पोटातल्या दाबासमोर उघडी पडते, हा या पद्धतीचा ज्ञात दोष आहे.

यांतली चांगली कोणती, याचे उत्तर शोधताना मला आकड्यांच्या फसवेपणाचा एक उत्तम नमुना सापडला. या दोन पद्धतींची तुलना करणारी अमेरिकेतली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली आणि दोन वर्षांनंतरचे यश दोन्हींत जवळजवळ सारखे, साधारण ६० टक्के निघाले. शंभरातल्या चाळीस जणी नापास, असे वाचून मी हबकले होते. पण यशाची कसोटी पाहिली तर ती कमालीची कडक होती. मोजपट्टीवर ठरावीक रेषा ओलांडली की त्या स्त्रीला काही जाणवो वा न जाणवो, ती अपयशात. प्रत्यक्षात फुगवट्याचा त्रास होणाऱ्या सुमारे १८ टक्के होत्या आणि पुन्हा उपचार घ्यावे लागलेल्या केवळ ५ टक्के. उत्तीर्ण होण्याचे गुण कुठे ठरवले आहेत हे पाहिल्याशिवाय निकालपत्र वाचू नये, हे मी मुलांच्या पालकांना सांगत आले होते. काळ लोटतो तसा मात्र निकाल खालावतो हेही खरे आहे. त्याच स्त्रियांची पाच वर्षांनंतर मोजणी झाली तेव्हा कडक कसोटीवर निम्म्याहून अधिक जणी नापास झाल्या होत्या. स्वतःच्याच जुन्या ऊतींना टाके घातल्यावर त्या जन्मभर नव्यासारख्या राहतील असे कोणी सांगत असेल तर ऐकणाऱ्याने सावध व्हावे.

गर्भाशय ठेवूनही हे सारे करता येते. नेदरलँड्समधल्याच २०१५ च्या एका चाचणीत गर्भाशय तसेच ठेवून त्याच पट्ट्याला बांधणे आणि गर्भाशय काढून वरचे टोक बांधणे यांची तुलना झाली, आणि वर्षभरानंतर ठेवणे कमी प्रतीचे ठरले नाही. गर्भाशयमुखाचा भाग लांबला असेल तर तेवढाच कापून दोन्ही बाजूंचे बंध पुढे ओढून शिवण्याची ‘मँचेस्टर’ शस्त्रक्रिया तर १८८८ पासून चालत आली आहे. ज्यांना पुढे मूल हवे आहे अशा तरुण स्त्रियांचा प्रश्न वेगळा असतो आणि त्यावर विचार करणाऱ्यांत दोन मराठी नावे पुढे आहेत हे मला या निमित्ताने कळले. गर्भपाताच्या भीतीपोटी मुखाला घातल्या जाणाऱ्या टाक्यामुळे ज्यांचे नाव जगभर ठाऊक आहे त्या डॉ. शिरोडकरांनी गर्भाशयमुख पट्टीने त्रिकास्थीच्या वरच्या कडेला टांगण्याची पद्धत आणली, तर डॉ. पुरंदरे यांच्या पद्धतीत ते पुढच्या बाजूला पोटाच्या भिंतीच्या पडद्याला बांधले जाते. पोटाचे स्नायू आवळले की आधारही आपोआप आवळला जावा अशी त्यामागची कल्पना. पाठ्यपुस्तकांत ही नावे आहेत. घराघरांत ती का नसावीत याचे उत्तर पुन्हा त्या लोटलेल्या दाराशीच येऊन थांबते.

माझ्यापुढे दोन्ही पर्याय होते. मी काढण्याचा निवडला, आणि त्याचे कारण उपयोग-निरुपयोगाचे नव्हते. पेसरी असताना रक्त दिसले होते. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना स्वच्छ आला होता, तरी पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव झालेला असताना गर्भाशय ठेवायचे म्हणजे पुढे प्रत्येक डागाला तपासणी आणि प्रत्येक तपासणीला धाकधूक. ज्यांना गर्भाशय ठेवायचे आहे त्यांनी मुखाची आणि अस्तराची चौकशी आधी करून घ्यावी, एवढे मी नक्की सांगेन. जाऊबाईंचे वेगळे ठरले. वय चौऱ्याहत्तर, एकट्या, दम्याचा जुना आजार. त्यांना डॉक्टरांनी शांतपणे, नजर न चुकवता, पुढे शरीरसंबंधाचा विचार आहे का असे विचारले. जाऊबाई आधी लाजल्या आणि मग ठामपणे ‘नाही’ म्हणाल्या. अशा स्त्रीसाठी योनिमार्गाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना शिवून तो बंद करण्याची शस्त्रक्रिया असते. लेऑन ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने १८७७ साली सांगितलेल्या पद्धतीवरून ती विकसित झाली. वेळ कमी लागतो, शरीरावर ताण कमी येतो आणि यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असते. तिची अट एकच, निर्णय स्त्रीने स्वतः, पूर्ण कळून घेतलेला असावा, कारण परतीची वाट नसते.

पोटातून, आता बहुधा दुर्बिणीने, होणारी शस्त्रक्रिया सर्वांत टिकाऊ मानली जाते. योनिमार्गाचे वरचे टोक जाळीच्या पट्टीने थेट त्रिकास्थीच्या वरच्या कडेला बांधतात. एकदा शस्त्रक्रिया होऊन पुन्हा अंग उतरलेल्या किंवा वयाने लहान असलेल्या स्त्रियांसाठी तिचा विचार होतो. मात्र जाळी हा शब्द ऐकला की बहुतेक जणी घाबरतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. या शतकाच्या सुरुवातीला योनिमार्गातूनच, भिंतीखाली मोठ्या जाळ्या बसवण्याची लाट आली होती. हर्नियात जाळी चालते, मग येथे का नाही, असा तर्क होता. पण योनीची भिंत पातळ, ओलसर, जंतूंनी भरलेली आणि सतत हलणारी. जाळी आकसली, भिंतीतून बाहेर डोकावू लागली, बसता-उठता वेदना होऊ लागल्या, आणि रुतलेली जाळी काढणे हे ती बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड ठरले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ आणि २०११ साली इशारे दिले, २०१६ साली तिला सर्वाधिक जोखमीच्या गटात टाकले आणि एप्रिल २०१९ मध्ये या वापरासाठीची विक्री थांबवायला लावली. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत अशा जाळीचा काही अधिक फायदाच दिसला नव्हता. पोटातून बसवलेल्या जाळीचे तसे नाही. ती खोलवर असते आणि धोका कमी असतो, तरी शून्य नसतो. एका दीर्घ पाठपुराव्यात सात वर्षांच्या सुमारास दहा टक्क्यांच्या आसपास स्त्रियांमध्ये जाळी किंवा टाके उघडे पडलेले आढळले होते. तेव्हा नुसते ‘जाळी घालणार का’ असे विचारून भागत नाही. ती कुठून आणि कशाला बांधणार, हेही विचारावे.

आणखी एक गोष्ट आहे जिच्याविषयी शस्त्रक्रियेआधी क्वचितच बोलले जाते. अंग खाली आल्यामुळे मूत्रमार्गाला मुरड पडते, पाण्याच्या नळीला पडते तशी. मुरडीमुळे लघवी अडते, पण त्याच मुरडीमागे खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा दोष लपलेला असू शकतो. अंग वर बसवले की मुरड सुटते आणि आधी कधीही कपडे ओले न झालेल्या बाईचे ते होऊ लागतात. तिला वाटते, शस्त्रक्रियाच बिघडली. अशा, आधी गळती नसलेल्या स्त्रियांवरच्या २०१२ च्या चाचणीत तीन महिन्यांनंतर गळती किंवा तिच्यावरील उपचारांची वेळ सुमारे ४९ टक्के जणींवर आली होती. त्याच वेळी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी घातलेल्यांत ते प्रमाण सुमारे २४ टक्के होते, पण त्यांच्यात मूत्राशयाला इजा आणि जंतुसंसर्ग यांचे प्रमाण अधिक होते. माझ्या डॉक्टरांनी मूत्राशय भरलेले असताना फुगवटा वर दाबून धरला आणि मला जोराने खोकायला सांगितले. दोन थेंब आले. पट्टी आत्ताच घालायची की गळती झालीच तर नंतर, यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि मी ‘नंतर’ निवडले. आज शिंकताना कधीमधी एखादा थेंब येतो. तो मला मान्य आहे, कारण तो मी आधीच हिशेबात धरला होता.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया, म्हणजे गर्भाशय काढून वरचे टोक बैठकीच्या हाडाजवळच्या त्या पट्ट्याला बांधण्याची, पावणेदोन तास चालली. कमरेखाली बधिर असले तरी कान जागे असतात. हत्यारांचा खणखणाट, सक्शनचा सूं-सूं आवाज, मग बराच वेळ शांतता आणि त्या शांततेत डॉक्टरांचे एकच “हं, मिळालं”. नंतर त्यांनी सांगितले की तो उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, बोटाने चाचपूनच पट्टा शोधावा लागतो. पुढची आणि मागची भिंत शिवून झाल्यावर त्यांनी मूत्राशयात दुर्बीण घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला. गुलाबी भिंतीवर दोन बारीक चिरा होत्या. काही क्षण काहीच घडले नाही. मग डावीतून, थोड्या वेळाने उजवीतून, पाण्याची लहानशी चिळकांडी उडाली. दोन्ही मूत्रवाहिन्या मोकळ्या आहेत, टाक्यात अडकलेल्या नाहीत, याची ती खूण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी योनिमार्गात भरून ठेवलेली गॉझची पट्टी ओढून काढली. ती संपतच नाही असे वाटले. लघवीची नळीही काढली. पहिल्या वेळी १८० मिलिलीटर लघवी झाली आणि सोनोग्राफीत आत २१० शिल्लक दिसली, म्हणून नळी पुन्हा घातली. मी खट्टू झाले, पण सुजेमुळे असे अनेकींचे होते आणि तीन दिवसांनी शिल्लक ६० वर आली. खरा त्रास दिला तो उजव्या नितंबातल्या खोल दुखण्याने. जिना चढताना आणि बसल्या जागेवरून उठताना कोणी आतून दोरी ओढल्यासारखे वाटे. तो पट्ट्यातल्या टाक्याचा ताण होता. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते, मला सात लागले. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून रात्री औषध घेतले, वजन उचलणे टाळले आणि चालणे मात्र दुसऱ्याच दिवसापासून सुरू केले. तिसऱ्या आठवड्यात कपड्यांवर पिवळसर स्राव आणि त्यात दोऱ्याचा एक तुकडा दिसला तेव्हा मी घाबरून फोन केला. विरघळणारे टाके असेच गळून पडतात असे कळले. ताप, दुर्गंधी किंवा ताजे रक्त आले तर मात्र थांबू नका, असे त्यांनी बजावले.

परवा वर्ष पूर्ण झाले म्हणून तपासणीला गेले होते. डॉक्टरांनी पुन्हा काडी घेतली, पुन्हा खोकायला लावले आणि जुन्या चौकोनाशेजारी नवा आखला. वरचे टोक उणे सात. मागची भिंत उणे दोन. पुढची भिंत उणे एक. मी लगेच ओळखले की शून्यापासून एक सेंटिमीटरच्या आत म्हणजे नियमानुसार दुसरा टप्पा; पुढची भिंत थोडी उतरली आहे, जसे या पद्धतीत व्हायचा संभव असतो असे आधी सांगितले होते. मी तसे बोलूनही दाखवले. डॉक्टर हसल्या. “बाई, काही जाणवतं का?” नाही. “बोट लावावं लागतं?” नाही. “मग एवढं मोजू नका,” असे म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. नव्या चौकोनातले शेवटचे घर त्यांनी आडवी रेघ मारून सोडले होते. गर्भाशयमुख असेल तरच त्याच्या मागच्या खोबणीची मोजणी करतात. ते नसेल तर घरे आठच भरायची. पुढची तारीख त्यांनी एक वर्षानंतरची दिली.